उत्तर: चेल्सीने (इंग्लंडचा फुटबॉल क्लब) प्रशिक्षक मोरिन्योला काढलं ते बरोबरच
"सात महिन्यांपूर्वी प्रीमियर लीग (इंग्लंडची सर्वोच्च साखळी स्पर्धा) जिंकून दिलेल्या माणसाला काढलं आणि मिळालं काय, तर दहावा क्रमांक" असं म्हटलं जातं, ते काही पटलं नाही. डिसेंबर २०१५ मध्ये मोरिन्योला नारळ दिला तेव्हा चेल्सी १६ पैकी ९ सामने हरून सोळावी होती, रेलिगेशनच्या (म्हणजे खालच्या विभागात ढकलणाऱ्या तळाच्या जागांच्या) फक्त एक गुण वर. अजून किती थांबायचं?

गंमत म्हणजे त्याच्या जागी आणलेला हिडिंकही मोरिन्योसारखा परत आलेलाच, २००९ मध्ये तात्पुरता प्रशिक्षक म्हणून येऊन एफए कप (इंग्लंडची बाद पद्धतीची स्पर्धा) जिंकून गेलेला! त्याच्या हाताखाली संघ लीगमध्ये पहिल्यांदा हरला तो थेट एप्रिलमध्ये, स्वान्सीत. बरोबऱ्या मात्र ढिगाने. दहाव्या क्रमांकामुळे युरोपातल्या क्लब स्पर्धा हुकल्या, म्हणून पुढच्या मोसमात नवा प्रशिक्षक कोंतेला आठवड्याच्या मधले दिवस सरावाला मोकळे मिळाले, आणि लीग त्यानेच जिंकली.