क्लाउड शिकायचंय, पण कार्ड नंबर द्यायला हात धजावत नाही

बार्शीचा_पोरगा:
नमस्कार मंडळी. बीएस्सी कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला आहे. मामांचं कृषी सेवा केंद्र आहे, त्यांच्यासाठी बियाणं-खतांचा स्टॉक आणि शेतकऱ्यांची उधारी लिहायचं छोटंसं वेब ॲप केलंय, जँगो (पायथनमधलं वेब ॲप बनवायचं साधन) आणि पोस्टग्रेस (डेटाबेस) मध्ये. लॅपटॉपवर झकास चालतं पण मी लॅपटॉप घेऊन कॉलेजला गेलो की दुकानात परत वही. म्हणून क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या भाड्याच्या मशीनवर टाकायचंय आणि त्या निमित्ताने शिकायचंही आहे. ॲमेझॉनचं एडब्ल्यूएस, मायक्रोसॉफ्टचं अझ्युर, गूगल यातलं नवख्याने काय घ्यावं? आणि सगळीकडे कार्ड मागतात, कार्ड बाबांचं आहे, उद्या दहा हजार कापले गेले तर घरात घेणार नाहीत. सर्टिफिकेट आधी करावं का तेही सांगा.

टर्मिनलवाला:
तिन्हीपैकी कुठलंही घे रे, मूळ गोष्टी सगळीकडे त्याच. मशीन भाड्याने घ्यायचं, डिस्क भाड्याने घ्यायची, कोणाला आत सोडायचं ते ठरवायचं. मी एडब्ल्यूएसच सांगेन कारण अडलास तर विचारायला माणसं जास्त मिळतात आणि मुंबई रीजन (त्यांच्या मशीन्सचं ठिकाण) २०१६ पासून आहे, म्हणजे बार्शीहून पान पटकन उघडेल.

आता पैशाचं. १५ जुलै २०२५ नंतर उघडलेल्या खात्याला साइनअपच्या वेळी फ्री प्लॅन आणि पेड प्लॅन असं विचारतात. तू फ्री घे. सुरुवातीला १०० डॉलर क्रेडिट (रोख नाही, सेवा वापरून संपवायची रक्कम) मिळतं, वर काही छोटी कामं केली की आणखी १०० पर्यंत. सहा महिने किंवा क्रेडिट संपेपर्यंत, जे आधी होईल ते, आणि तू स्वतः पेडवर गेल्याशिवाय कार्डावरून बिल कापलं जात नाही, मुदत संपली की खातं बंद होतं एवढंच. यूट्यूबवर '१२ महिने फुकट, ७५० तास' वगैरे जे सांगतात ते जुन्या खात्यांचं, ते ऐकून हिशोब करू नकोस.

खातं उघडलं की सर्व्हरला हात लावायच्या आधी दोन कामं कर. रूट लॉगिनला (खात्याचं सगळे अधिकार असलेलं मुख्य लॉगिन) एमएफए (पासवर्डनंतर दुसरा पुरावा, जसा फोनवरचा कोड) लाव आणि रोजच्या कामाला वेगळा युझर बनव. मग बजेट अलर्ट लाव (ते केल्याचंही क्रेडिट मिळतं). पण बजेट अलर्ट नुसता मेल पाठवतो हं, मीटर थांबवत नाही. हे भल्याभल्यांना माहीत नसतं.

रात्रपाळी:
वर बरोबर सांगितलंय, मी फक्त क्रेडिट (आणि पुढे पेडवर गेलास तर पैसे) कुठून गळतं ते सांगते. सर्व्हर स्टॉप केला तरी त्याची डिस्क चालूच असते, तिचे पैसे लागतात, घराला कुलूप लावलं तरी भाडं सुटत नाही तसं. काम संपलं की टर्मिनेट (कायमचा डिलीट) कर आणि डिस्क मागे राहिली नाही ना बघ. पब्लिक आयपीव्ही४ ला (सर्व्हरचा इंटरनेटवरचा पत्ता) फेब्रुवारी २०२४ पासून तासाला ०.००५ डॉलर लागतात, महिन्याचे साधारण साडेतीन डॉलर, वापरात असो नसो. आणि कुठल्यातरी ट्युटोरियलमध्ये नॅट गेटवे (खाजगी नेटवर्कमधल्या मशीन्सना इंटरनेटवर जायची वाट) बनवायला लावलं तर ते सोडून पुढे जा, तुझ्या एका ॲपला त्याची काडीची गरज नाही, तो नुसता उभा राहून तासावर पैसे खातो.

दुसरं म्हणजे ॲक्सेस की (तुझ्या खात्याची गुप्त किल्ली) कोडमध्ये लिहून गिटहबवर (कोड ठेवायची साइट) टाकायची नाही. अशा किल्ल्या शोधत फिरणारे बॉट असतात, रेपो (तिथलं तुझं कोडचं फोल्डर) पब्लिक असेल तर काही मिनिटांत कोणीतरी तुझ्या नावावर मोठमोठी मशीन्स चालू करतं.

नाशिक_ढोल:
सर्टिफिकेट आधी नको भावा. एडब्ल्यूएसच्या क्लाउड प्रॅक्टिशनर परीक्षेची फी १०० डॉलर, सोल्युशन्स आर्किटेक्ट असोसिएटची १५०, वर टॅक्स. तीन वर्षांनी परत नूतनीकरण. तेवढ्या पैशात तुझं ॲप वर्षभर चालेल. आमच्याकडे इंटरव्ह्यूला पोरं येतात, सर्व्हिसची नावं पाठ, पण पोर्ट २२ म्हणजे काय विचारलं की गप्प. लिनक्स, एसएसएच (दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करायची पद्धत, ती पोर्ट २२ वरून चालते), एनजिनएक्स (वेब सर्व्हर) हे आधी हाताने कर, मग परीक्षा सोपी जाते.

बार्शीचा_पोरगा:
सगळ्यांचे आभार. खातं उघडलं, एमएफए लावला, काल रात्री उबुंटूचा (लिनक्सचा एक प्रकार) सर्व्हरही चालू केला. दोन अडचणी. एसएसएच करताना 'परमिशन्स आर टू ओपन' म्हणून की फाइल (लॉगिनची किल्ली असलेली फाइल) नाकारतोय. आणि आज सकाळी बघतो तर सर्व्हरच गायब, यादी रिकामी!! कोणी डिलीट केला का?

टर्मिनलवाला:
गायब नाही झाला, वर उजव्या कोपऱ्यात रीजन बघ. आज मुंबई असेल तर काल अमेरिकेतल्या कुठल्या तरी रीजनमध्ये बनवला असशील. तिकडचा टर्मिनेट कर नाहीतर क्रेडिट खात बसेल, आणि मुंबईत नवा बनव. की फाइल बाकीच्यांना वाचता येते म्हणून एसएसएच नाकारतं, त्यावर 'सीएचमॉड ४००' चालव, म्हणजे ती फक्त तुलाच वाचता येईल. आणि सिक्युरिटी ग्रुपमध्ये (सर्व्हरच्या फायरवॉलच्या नियमांत) पोर्ट २२ सगळ्या जगाला उघडा ठेवू नको, 'माय आयपी' निवड. मोबाइल हॉटस्पॉटवर आयपी बदलत राहतो, तेव्हा कनेक्शन अडकलं की आधी तेच तपास.

रात्रपाळी:
सहा महिन्यांनंतरचं आत्ताच ठरव. दुकानाला लाइटसेल (एडब्ल्यूएसचाच साधा सर्व्हर) पुरेल, पब्लिक आयपीव्ही४ सकट ५ डॉलरपासून महिन्याचा ठरलेला दर, अधिक १८ टक्के जीएसटी. त्या ५ डॉलरवाल्यात मेमरी ५१२ एमबीच असते, जँगो आणि पोस्टग्रेस दोन्ही त्यात कोंबशील तर श्वास कोंडेल, एक पायरी वरचा घे. पोस्टग्रेस त्याच मशीनवर ठेव, आरडीएसच्या (एडब्ल्यूएसची वेगळी डेटाबेस सेवा) नादाला लागू नको. पण उधारीचा डेटा आहे, तेव्हा रोज रात्री पीजी-डंप (पोस्टग्रेसचा बॅकअप) काढून एस३ (एडब्ल्यूएसची फाइल साठवायची सेवा) मध्ये टाकायचा आणि तिथली बकेट (फाइल ठेवायचा कप्पा) पब्लिक करायची नाही. आणि तो बॅकअप एकदा तुझ्या लॅपटॉपवर उघडून बघ की खरंच सगळी नावं आणि रकमा येतायत का. तोवर मामांना वही बंद करायला सांगू नकोस.

बार्शीचा_पोरगा:
एसएसएच झालं!! जुना टर्मिनेट केला, डिस्कपण गेली. मामा विचारतायत पावती प्रिंट होईल का, त्याचा धागा वेगळा काढतो.