अनुभव धागा: बदलीच्या वेळी मदतीला धावलेले ऑफिसातले लोक

भाचीचा आंतरजिल्हा बदलीचा आदेश काल आला. तिला फोनवर "आधी सेवापुस्तक बघ" म्हटलं आणि एकदम गडचिरोलीतल्या धानोऱ्याचे बाबू आठवले.

2012. मी जिल्हा परिषदेची शिक्षिका, गडचिरोलीहून साताऱ्याला बदली. चौदा वर्षांची ज्येष्ठता सोडून नव्या जिल्ह्यात शेवटच्या नंबरावर जायचं होतं, तरी घराजवळ जाणार म्हणून मी खुशीत. कार्यमुक्तीचा आदेश घेऊन लगेच निघणार होते. पंचायत समितीतल्या बाबूंनी समोरच्या खुर्चीवर बसवलं. "मॅडम, एक नोंद राह्यली तं तिकडं कोणी तुमाले विचारनार नाई. पेन्शनच्या टाइमाले अडते."

दोन दिवस ते माझ्या सेवापुस्तकाचं, म्हणजे नोकरीतल्या सगळ्या नोंदींच्या पुस्तकाचं, पान पान बघत होते. तीन वेतनवाढींवर सही नव्हती, गटविम्याची नोंदच नव्हती, वारसाच्या जागी अजून माझे वडील. प्रत्येक पानावर पेन्सिलीने बारीक फुली, नोंद पूर्ण झाली की खोडून टाकायचे. शेवटी दुय्यम सेवापुस्तकही (माझ्याकडे राहणारी प्रत) साक्षांकित करून हातात दिलं. चहासुद्धा त्यांनीच पाजला.

पुढच्या वर्षी मी निवृत्त होतेय. तुमच्याही आठवणी लिहा.

अबोली
धानोरा!! आम्ही 2006 ते 2010 तिथेच होतो, हे वनविभागात. तुम्ही कुठल्या शाळेवर होता?

रुळावरून
आमची रेल्वेतली बदली, भुसावळहून सोलापूरला. हे आधी जाऊन रुजू झाले, मी दोन पोरं आणि सासूबाईंसोबत क्वार्टरमध्ये. ऑफिसातल्या एक ताई स्वतः घरी येऊन किट पासचे (बदलीत घरचं सामान रेल्वेने न्यायचा पास) कागद देऊन गेल्या, सामान कसं बुक करायचं तेही सांगितलं. वर मुलांच्या शाळेचे दाखले आणायला माझ्यासोबत आल्या. माझा धाकटा तापाने फणफणला होता, त्याला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. नाव विचारायचं राहून गेलं, त्याचं फार वाईट वाटतं.

निळीशाई
माझे बाबा आस्थापना लिपिक होते, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या बदल्या-पगाराचे कागद बघणारे. एप्रिल-मे म्हणजे बदल्यांचा हंगाम, त्यामुळे आम्ही उन्हाळ्यात मामाकडे कायम बाबांशिवाय. रात्री जेवण झालं की ओसरीवर अंतिम वेतन प्रमाणपत्रं तपासत बसायचे. आई चिडली की म्हणायचे, "हा कागद नाही गेला तर त्या माणसाचा पगार थांबतो गं." ताई, तुमचं वाचून रडू आलं. बाबांना वाचून दाखवते.

डीसीपीएसवाला
आम्ही 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलेले, जुन्या पेन्शनऐवजी डीसीपीएस (पगारातून कपात होणारी पेन्शन योजना) वाले, त्यामुळे आमची वेगळीच कथा. जुन्या जिल्ह्यातल्या कपातीचा हिशोब नव्या जिल्ह्यात येईना. शालार्थमध्ये (शिक्षकांच्या पगाराची ऑनलाइन प्रणाली) तिकडून डिटॅच झालो पण इकडे अटॅच नाही, चार महिने पगार बंद. घराचा हप्ता बहिणीने भरला. शेवटी नव्या तालुक्यातल्या एका तरुण लिपिकाने शनिवारी ऑफिस उघडून काम केलं. सोमवारी सकाळी त्याचाच मेसेज, "सर, नाव आलं." त्याच्या लग्नाला मी सहकुटुंब गेलो होतो.

अबोली
@निळीशाई बाबांना नमस्कार सांग गं.
@धागाकर्ती मोहाची फुलं वेचायला पहाटे जायचात का तुम्ही? तो वास अजून नाकात आहे माझ्या.

धागाकर्ती
@अबोली हो तर! शाळेतल्या पोरी टोपली भरून आणायच्या आणि हजेरीच्या वेळी सगळ्या वर्गाला तोच वास. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.
@निळीशाई बाबांना माझाही नमस्कार.

घाईत
केंद्रीय विद्यालयाच्या प्रवेशासाठी यांच्या बदल्यांचा दाखला हवा होता, सात वर्षांतल्या सगळ्या. शेवटच्या दिवशी साडेपाचला ऑफिसातल्या काकांनी जुन्या फायली काढून टाइप करून दिला. मुलगी आता नववीत आहे. सविस्तर रात्री लिहिते, कुकर लागलाय.

धागाकर्ती
भाचीने आत्ता फोटो पाठवला. तिच्याही पुस्तकात गटविम्याची नोंद नाही. उद्या सकाळी तिच्यासोबत मीच जातेय.