तारखेपेक्षा खोल्या मोजा
"संघांची प्रश्नमंजुषा स्पर्धा भरवायची तर परीक्षा टाळून तारीख धरली की झालं" हे अर्धंच खरं. खरी कसरत त्या दिवशी सुरू होते. आठ संघ, प्रत्येकाची प्रत्येकाशी गाठ म्हणजे 28 सामने. चार खोल्या मिळाल्या तर 7 फेऱ्या. फेरीला 40 मिनिटं धरली तरी 4 तास 40 मिनिटं, जेवणाची सुट्टी वेगळीच. ऐनवेळी नववा संघ घेतलात तर सामने 36, फेऱ्या 9, आणि दर फेरीत एक संघ नुसता बसून. (आम्ही भिडेखातर घेतला होता. अंतिम फेरीला प्रेक्षक एकच, कुलूप लावायला थांबलेले शिपाईकाका, हातात किल्ल्यांचा जुडगा.) शिवाय प्रश्नसंच सगळीकडे तोच असेल तर सगळ्या खोल्या एकदमच सुटायला हव्यात, नाहीतर जिन्यात उत्तरं फुटतात. म्हणजे एका खोलीतला बझर रुसला की चारही खोल्या खोळंबल्या. जादा बझर जवळ ठेवाच.