विक्सबर्ग कुणी घालवलं: रिचमंडने, जॉन्स्टनने की लीने?

तटबंदी
अमेरिकन यादवी युद्धात ४ जुलै १८६३ ला दक्षिणेचं मिसिसिपी नदीवरचं विक्सबर्ग शहर पडलं. सुमारे २९,५०० माणसं आणि १७२ तोफा उत्तरेचा सेनापती ग्रँट याच्या हाती लागल्या. खापर शहर राखणाऱ्या पेम्बरटनवर फुटतं, आणि ते मला पटत नाही. कॉन्फेडरसीने, म्हणजे फुटून निघालेल्या दक्षिणी राज्यांच्या सरकारने, हे शहर गमावायची तयारी आठ महिने आधी, राजधानी रिचमंडमध्ये नकाशावर रेघा ओढताना केली होती.

२४ नोव्हेंबर १८६२ ला तिथला राष्ट्राध्यक्ष जेफरसन डेव्हिसने जोसेफ जॉन्स्टनला पश्चिमेचा प्रमुख नेमलं. हाताखाली दोन सैन्यं, टेनेसीत ब्रॅगचं आणि मिसिसिपीत पेम्बरटनचं. मध्ये शत्रूचा मुलूख, त्यामुळे रेल्वेने एकीकडून दुसरीकडे जायचं तर चॅटनूगा, अटलांटा, माँटगोमेरी, मोबाईल, मेरिडियन असा प्रचंड वळसा. विक्सबर्गला खरा आधार देऊ शकलं असतं ते आर्कान्सामधलं होम्सचं सैन्य. पण विभागाची हद्द नेमकी मिसिसिपी नदीवर आखली होती, म्हणून होम्स जॉन्स्टनच्या हुकमाबाहेर! ज्या नदीचं रक्षण करायचं तिचे दोन काठ दोन वेगळ्या सेनापतींकडे. युद्धमंत्री रँडॉल्फने होम्सला गरज पडल्यास नदी ओलांडायची मुभा दिली होती. डेव्हिसने ती काढून घेतली, रँडॉल्फने राजीनामा दिला आणि त्याच्या जागी जेम्स सेडन आला. पुढच्या महिन्यात डेव्हिस स्वतः पश्चिमेला गेला आणि जॉन्स्टनचा विरोध डावलून त्याने ब्रॅगची एक अख्खी डिव्हिजन पेम्बरटनकडे पाठवली. प्रमुख नेमायचा आणि निर्णय आपण घ्यायचे, याला नेतृत्व कसं म्हणायचं?

होकायंत्र
हद्दीबद्दल तुमचं बरोबर आहे. पण जॉन्स्टनला हात बांधून पाठवलं होतं हे साफ चूक. नेमणुकीच्या हुकमातच मुभा होती की मुख्यालय वाटेल तिथे ठेवा आणि गरज दिसेल तिथे स्वतः जाऊन सूत्रं घ्या. ती त्याने वापरली का?

जानेवारी १८६३ मध्ये ब्रॅगने आपल्याच सेनानींना लेखी विचारलं आणि ‘तुम्ही जा’ असं उत्तर ओढवून घेतलं. डेव्हिसने जॉन्स्टनला चौकशीला धाडलं, तर त्याने ब्रॅगचीच तरफदारी केली. मार्चमध्ये ब्रॅगला रिचमंडला पाठवून सैन्य स्वतः हाती घ्यायचा स्पष्ट हुकूम आला. आधी ब्रॅगची बायको आजारी म्हणून, मग जॉन्स्टनची स्वतःची प्रकृती ठीक नाही म्हणून तो राहूनच गेला.

आणि घोडदळाचं काय? व्हॅन डॉर्नचं घोडदळ पेम्बरटनकडून काढून टेनेसीला नेलं ते जॉन्स्टननेच. त्याची किंमत एप्रिलमध्ये मोजावी लागली. १७ एप्रिलला उत्तरेचा ग्रिअरसन १,७०० स्वार घेऊन टेनेसीतून निघाला, २४ ला न्यूटन स्टेशनला त्याने विक्सबर्गची रेल्वे तोडली आणि २ मेला लुइझियानात बॅटन रूज गाठलं. पेम्बरटनकडे पाठलागाला स्वार नाहीत, म्हणून त्याने पायदळ इकडेतिकडे पळवलं. त्याच गोंधळात ३० एप्रिलला ग्रँट ब्रुइन्सबर्गला नदी ओलांडून उतरला, आणि काठावर अडवायला कुणी नव्हतं.

तटबंदी
@होकायंत्र, घोडदळाचा मुद्दा मान्य. आता मे महिन्याचे हुकूम बघा. ग्रँट उतरल्यावर जॉन्स्टनने पेम्बरटनला कळवलं की सगळं सैन्य एकवटून त्याला हरवा, सोडलेली ठाणी नंतर परत मिळतील. ७ मेला डेव्हिसची तार आली की विक्सबर्ग आणि त्याच नदीवरचं दक्षिणेकडचं ठाणं पोर्ट हडसन दोन्ही राखणं आवश्यक आहे. यातला कुठला हुकूम पाळायचा? पेम्बरटनने मधलाच मार्ग धरला. दोन डिव्हिजन, म्हणजे दहाएक हजार माणसं, शहरात ठेवून तो बावीसएक हजारांनिशी बाहेर पडला आणि १६ मेला चॅम्पियन हिलवर मोडला. लोरिंगची डिव्हिजन तर तिथून तुटून निघून गेली, ती शहरात परतलीच नाही. उरलेल्यांना घेऊन पेम्बरटन शहरात शिरला आणि ग्रँटने वेढा घातला. भर म्हणजे जॉन्स्टनने ज्या तीन जासुदांबरोबर हुकूम पाठवला होता, त्यातला एक ग्रँटचा हेर निघाला.

मालगाडी
व्हर्जिनियातल्या सैन्याचा सेनापती ली, त्याच्याबद्दल कुणीच बोलत नाही. ९ मेला सेडनने सुचवलं की त्याच्याकडची पिकेटची डिव्हिजन पेम्बरटनला द्या. लीचं उत्तर होतं की अंतर फार आहे, तिथे तिचा उपयोग कसा होईल याची खात्री नाही आणि हा प्रश्न व्हर्जिनिया की मिसिसिपी असा होऊन बसेल. जूनमधली हवा ग्रँटला माघार घ्यायला लावेल, हाही त्याचा एक आधार होता. तो आधार खोटा ठरला. त्याच महिन्यात मंत्रिमंडळाने लीच्या उत्तरेवरच्या स्वारीला मंजुरी दिली. विरोध केला तो एकट्या टपालमंत्री रेगनने, जो टेक्सासचा, म्हणजे नदीपलीकडचा होता.

तरीही ‘पिकेटला गाडीत बसवलं असतं की काम झालं असतं’ हे मला पटत नाही. माणसं पोचली असती. चार्ल्स्टनहून मेच्या पहिल्या आठवड्यात निघालेल्या कुमकेतले काही जण १४ मेला विक्सबर्गच्या पूर्वेकडच्या जॅक्सनच्या लढाईत होते. अडचण त्यापुढची आहे. जुलै १८६२ मध्ये ब्रॅगने मोबाईलमार्गे सुमारे ३०,००० पायदळ रेल्वेने चॅटनूगाला नेलं, पण तोफखाना आणि सामानाच्या गाड्या रस्त्याने गेल्या. सप्टेंबर १८६३ मध्ये लीच्या सैन्यातल्या लाँगस्ट्रीटच्या ब्रिगेडी जॉर्जियातल्या चिकामॉगाच्या लढाईला वेळेत पोचल्या, त्याच्या तोफा पोचल्या नाहीत. गाड्या, घोडे, तोफा नसलेलं पायदळ रेल्वे संपते तिथेच अडकतं. जॅक्सनचे रूळ ग्रँटच्या माणसांनी उखडले होते, बिग ब्लॅक नदीवरचा पूल माघारीत पेम्बरटननेच जाळला होता. जॅक्सनहून विक्सबर्ग सत्तरएक किलोमीटर. जूनमध्ये जॉन्स्टनकडे पंचवीस-तीस हजार माणसं जमली होती आणि तो बैलगाड्या, घोडे, तोफा मागत होता. आणखी सात हजार माणसांनी तो प्रश्न वाढलाच असता.

दक्षिणद्वार
सगळे डावपेचांवर बोलताय. कॉन्फेडरसीचं राज्य उभंच गुलामगिरी टिकवायला केलं होतं, आणि सैन्य एकवटणं त्याला परवडत नव्हतं ते त्यामुळेच. शत्रूचं सैन्य जिथे पोचेल तिथले गुलाम मळे सोडून जायचे. १ जानेवारी १८६३ च्या गुलाममुक्तीच्या घोषणेनंतर ते उत्तरेच्या सैन्यात मोठ्या संख्येने भरतीही होऊ लागले. म्हणून प्रत्येक गव्हर्नर आणि मळेवाला आपल्या भागातली पलटण हलू देईना, आणि डेव्हिसला मुलूख सोडून सैन्य वाचवण्याचा पर्याय राजकीयदृष्ट्या खुला नव्हता.

@तटबंदी, नदीपलीकडून मदत शेवटी आली. ७ जूनला टेक्सासच्या ब्रिगेडने पश्चिम काठावरच्या मिलिकन्स बेंडवर हल्ला केला, ग्रँटची रसद तोडायला. पण तोवर त्याने रसदीची वाट याझू नदीवरून वळवली होती. पश्चिम काठावर तोडण्यासारखं काही उरलंच नव्हतं. तो हल्ला परतवण्यात नव्याने भरती झालेल्या कृष्णवर्णीय पलटणी पुढे होत्या. तेव्हा होम्सला डिसेंबरमध्ये आणलं असतं तर काय, एवढाच तुमचा प्रश्न शिल्लक राहतो, आणि तिथे मी तुमच्या बाजूचा आहे.

होकायंत्र
@मालगाडी, गाड्यांची कमतरता खरी. पण १५ जूनला जॉन्स्टनने सेडनला तार केली की विक्सबर्ग वाचवणं अशक्य वाटतं. सेडनने दुसऱ्या दिवशी उलट कळवलं की जिवावर उदार होऊन झुंजल्याशिवाय ते जाता कामा नये, दुसरा उपाय नसेल तर हल्ल्याचा धोका पत्करा. तरी जॉन्स्टन हलला १ जुलैच्या सुमाराला.

मालगाडी
तोपर्यंत ग्रँटकडे सत्तर हजारांच्या वर माणसं होती आणि २२ जूनपासून त्याचा सेनानी शर्मन बिग ब्लॅकच्या बाजूला पूर्वेकडे तोंड करून खास जॉन्स्टनसाठीच बसला होता. १६ जूनला निघूनही हल्ला यशस्वी झाला असता असं मी म्हणणार नाही. पेम्बरटनला बाहेर पडायला वाट मिळाली असती का, यावर मात्र वाद होऊ शकतो. त्यासाठी दोघांनी एकच दिवस ठरवायला हवा होता, आणि निरोप वेढ्यातून आत-बाहेर जायला कित्येक दिवस लागत होते.