शाळा बंद होती तेव्हा खरी बातमी घरापर्यंत कशी पोचली? अनुभव लिहा

परवा स्टाफरूमचं कपाट आवरताना थर्मल गन सापडली, सेल गळून हिरवी झालेली. म्हटलं धागा काढूच. कोविडमध्ये आठवी ते दहावीच्या पोरांना सांभाळणं आणि पालकांना खरं काय ते कळवणं कुणाला कसं जमलं, कुठं फसलं, ते लिहा. शाळेचं नाव नको.

माझ्यापासून सुरू करतो. मी सातारा जिल्ह्यात भूगोल शिकवतो. २०२० ला दहावीचा शेवटचा पेपर भूगोलाचाच, २३ मार्चचा, तो पुढं ढकलला आणि नंतर रद्दच झाला, पण मधले दिवस विचारू नका, रोज कुणीतरी जुन्या वेळापत्रकावर नवी तारीख चिकटवून फोटो फिरवायचं आणि माझा फोन वाजायचा. शेवटी ग्रुप फक्त ॲडमिनसाठी ठेवला आणि रोज संध्याकाळी सातला एकच निरोप, माझ्या आवाजात. सांगण्यासारखं काही नसलं तरी "आज नवीन काही नाही" एवढं तरी. पण निम्म्या घरांत साधे फोन, त्यांचं काय? आमच्या शिपाईमामांनी सुचवलं, दूध डेअरीच्या फळ्यावर लिहा, लॉकडाऊन असो नाहीतर काही, दूध घालायला माणूस येतोच. फॅटच्या दराखाली शाळेचा निरोप. तो फळा व्हॉट्सॲपपेक्षा जास्त वाचला गेला, खोटं नाही सांगत.

—

रत्नागिरीकर: मी तेव्हा नववी संपवून दहावीत जाणार होतो. मे महिन्यात मुंबईहून चाकरमानी यायला लागले आणि आमची शाळा विलगीकरणासाठी घेतली. बाबा नालासोपाऱ्याहून आले आणि १४ दिवस माझ्याच वर्गात! मी कंपाउंडजवळ डबा ठेवायचो आणि लांब उभा राहायचो. एकदा ते खिडकीतून ओरडले, "अरे, बाकावर करकटकानं नाव तूच कोरलंयस ना?" हसू पण येत होतं आणि रडू पण. गावात मात्र लोक त्या रस्त्यानं जाईनात, आजीला पाणी भरताना काय काय ऐकावं लागलं ते लिहीत नाही. पुढच्या वर्षी परीक्षाच झाली नाही, १६ जुलैला निकाल लागला आणि साइट तासन् तास उघडेना.

दोन पोरांची आई, नाशिक: २३ नोव्हेंबर २०२० ला नववीच्या पुढचे वर्ग सुरू करायला परवानगी मिळाली तेव्हा संमतीपत्र आलं. ते वाचून डोकंच फिरलं, पोराला काही झालं तर जबाबदारी आमची, आणि शाळा काय करणार त्यावर एक ओळ नाही. मी सही न करता उलट चार प्रश्न लिहून पाठवले, एका बाकावर किती, पाणी कुठलं, कुणी पॉझिटिव्ह निघालं तर आम्हाला किती वेळात कळवणार, आणि नाव न सांगता कळवणार का. मुख्याध्यापिका बाईंनी दुसऱ्या दिवशी फोन करून पाऊण तास बोलल्या. शेवटच्या प्रश्नावर त्यांच्याकडं उत्तर नव्हतं, तसं त्या स्पष्ट म्हणाल्या. म्हणूनच सही केली मी.

गणितवाले सर: शाळा उघडायच्या आधी आम्हा सगळ्या शिक्षकांची आरटीपीसीआर, रांगेत आपलेच माजी विद्यार्थी, "सर तुम्ही पण?" थर्मल गनचं म्हणाल तर सकाळच्या गारठ्यात ९३ दाखवायची, आणि उन्हातून चार किलोमीटर सायकल हाणून आलेला पोरगा १०० च्या वर. त्याला लगेच घरी पाठवायचं नाही, लिंबाखाली दहा मिनिटं बसवायचं आणि परत बघायचं, हे आम्ही आपलं आपण शिकलो. नाहीतर पहिल्याच दिवशी एकाला परत पाठवला तर दुपारपर्यंत गावभर "शाळेत कोरोना निघाला".

हेडक्लार्क: सगळे शिक्षकांचंच लिहितात म्हणून मी लिहितो. ३ जानेवारी २०२२ पासून १५ ते १८ ची लस सुरू, अट काय तर जन्म २००७ किंवा त्याआधीचा. झालं! आधारवर एक तारीख, जनरल रजिस्टरला दुसरी. नववीतली एक मुलगी रजिस्टरप्रमाणं बसत होती, आधारप्रमाणं २००८ ची. मैत्रिणी टोचून घेऊन कापूस दाबत बाहेर येतायत आणि ही माझ्या टेबलाशी उभी. नर्सबाई नियमाला धरून होत्या, त्यांचं चुकलं असं नाही. ती म्हणाली, "मग मला कोरोना कुठल्या तारखेप्रमाणं होणार, भाऊ?"

गणितवाले सर: @हेडक्लार्क मग दिली का लस तिला?

हेडक्लार्क: त्या दिवशी नाही. आधार दुरुस्त करून आणलं, मग मिळाली. तोवर शाळा परत बंद झाली होती.