मदत हवी आहे: गाडीत टांगलेल्या गोळ्याचा कोन १७ ऐवजी ३१.५ अंश का येतोय?

नमस्कार. भाच्याला न्यूटनचे नियम समजावता समजावता मीच अडकले आहे. माझं शिक्षण वाणिज्य शाखेचं, त्यामुळे कृपया पायरी न गाळता सांगा.

गणित असं आहे. सरळ रस्त्यावर गाडीचा वेग ३ मी/से² या त्वरणाने वाढतोय. टपाला आतून दोरीने २०० ग्रॅमचा गोळा टांगला आहे आणि गाडीतून पाहिलं तर तो स्थिर आहे. दोरी उभ्या रेषेशी किती कोन (थीटा) करेल? गुरुत्वत्वरण ९.८ मी/से² धरायचं.

मी रस्त्याच्या कडेला उभं राहून पाहायचं ठरवलं. गोळ्यावर वजन खाली, ताण दोरीच्या दिशेने, आणि मागच्या दिशेला आभासी बल, म्हणजे शिकवणीत ज्याला स्यूडो फोर्स म्हणतात ते. गोळा गाडीबरोबर पुढे त्वरण घेतोय, म्हणून:

आडवी दिशा: ताण × साइन थीटा − ०.२ × ३ = ०.२ × ३
उभी दिशा: ताण × कॉस थीटा = ०.२ × ९.८

भागाकार केला की टॅन थीटा = ६ ÷ ९.८ = ०.६१२, म्हणजे ३१.५ अंश. पुस्तकात उत्तर १७ अंश.

भाचा म्हणतो, "मावशी, ते आभासी बल खोडून टाक, उत्तर जुळतं." जुळतं हे मलाही दिसतंय. पण का खोडायचं? गाडी निघते तेव्हा गोळा मागे जाताना डोळ्यांनी दिसतो, आपली पाठ सीटवर दाबली जाते. मी रस्त्यावर उभी राहिले म्हणून ते बल नाहीसं कसं होईल? उत्तर जुळवायला एखादं पद खोडायचं, हे मला त्याला शिकवायचं नाही.

पहिला प्रतिसाद

ताई, खोडायला नकार दिलात ते बरं केलंत. गोंधळ नेमका तिथेच आहे.

रस्त्यावर उभ्या आहात ना? मग गाडीत बसलेल्या माणसाला पूर्ण विसरा आणि प्रत्येक बलाला एकच प्रश्न विचारा: हे बल लावतंय कोण? वजन पृथ्वी लावते. ताण दोरी लावते. मागे ओढणारं बल कोण लावतंय? गोळ्याच्या मागे काहीही बांधलेलं नाही. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे खऱ्या बलाला जोडीदार असतो: गोळा पृथ्वीला वर ओढतो, दोरीला खाली ओढतो. या मागच्या बलाचा जोडीदार शोधून पाहा, सापडणार नाही.

"गोळा मागे गेला" हे गाडीतल्या माणसाचं वाक्य आहे. रस्त्यावरून पाहिलं तर गोळा मागे गेलेलाच नाही. टप पुढे निघालं, दोरीचं वरचं टोक त्याच्याबरोबर गेलं, गोळा जडत्वामुळे रेंगाळला आणि दोरी तिरकी झाली. तिरकी झाल्यावरच ती गोळ्याला पुढे ओढू शकते, कारण उभ्या दोरीला आडवा घटक नसतो. सीटचंही तसंच: तुमची पाठ सीटवर आदळत नाही, सीट पाठीला पुढे ढकलते.

म्हणून रस्त्यावरून: ताण × साइन थीटा = ०.२ × ३. एकच आडवं बल आणि त्यातून येणारं त्वरण.

आता गाडीत बसा. तिथून गोळा स्थिर दिसतो, म्हणजे त्वरण शून्य. दोरी तर पुढे ओढतेय, मग तो पुढे का जात नाही? गाडीची संदर्भचौकट, म्हणजे जिच्या सापेक्ष आपण हालचाल मोजतो ती, स्वतःच त्वरण घेतेय, तिच्यात न्यूटनचा दुसरा नियम (बल = वस्तुमान × त्वरण) जसाच्या तसा चालत नाही. तो चालवायला आपण मागच्या दिशेचं आभासी बल आपल्या हिशेबात घालतो: ताण × साइन थीटा − ०.२ × ३ = ०.

दोन्ही समीकरणं एकच आहेत. रस्त्यावर ०.२ × ३ बरोबरच्या चिन्हाच्या उजवीकडे "त्वरण" म्हणून बसलं, गाडीत डावीकडे "बल" म्हणून. तुम्ही ते दोन्हीकडे लिहिलंत, म्हणून ३ चे ६ झाले. हिशेबाच्या वहीत एकच नोंद दोनदा झाली, असं भाच्याला सांगा.

टॅन थीटा = ३ ÷ ९.८ = ०.३०६, म्हणजे १७ अंश. वस्तुमान दोन्ही समीकरणांतून उडतं. ते फक्त ताणासाठी लागतं, तो सुमारे २.०५ न्यूटन येतो.

दुसरा प्रतिसाद

वरचं उत्तर बरोबर आहे. एक भर घालते: गणितातला "स्थिर" हा शब्द सोडू नका. उभी गाडी एकदम ३ मी/से² ने निघाली तर गोळा १७ अंशांवर थांबत नाही. हवेचा विरोध सोडला तर तो ३४ अंशांपर्यंत जाऊन परत येतो आणि १७ च्या दोन्ही बाजूंना झुलत राहतो. झोका विरल्यावर १७.

मूळ धागाकर्ती

दोनदा नोंद! आता कळलं, अगदी मनापासून आभार.

भाच्याने लगेच पुढचा प्रश्न काढलाय. गाडी त्वरण घेत असतानाच दोरी कापली तर गोळा कुठे पडेल? गोळा फरशीपासून १.८ मीटर उंच आहे आणि त्या क्षणी गाडीचा वेग १० मी/से आहे. मला वाटतं तो सरळ खाली पडेल, कारण गाडीचा वेग त्याच्याकडे आधीच आहे.

पहिला प्रतिसाद देणारा

वेग कायम असता तर सरळ खालीच पडला असता. गॅलिलिओने १६३२ मध्ये जहाजाच्या बंद खोलीचं उदाहरण देऊन हेच मांडलं होतं. इथे मात्र गोळा पडत असताना गाडीचा वेग वाढतच राहतो आणि गोळ्याला पुढे ओढणारी दोरी आता नाही.

पडायला लागणारा वेळ: १.८ × २ ÷ ९.८ चं वर्गमूळ, ०.६०६ सेकंद. तेवढ्यात गोळा पुढे जातो ६.०६ मीटर, गाडी ६.६१ मीटर. म्हणजे गाडीत तो ५५ सेंटिमीटर मागे पडेल.

आता ०.५५ ला १.८ ने भागा. ०.३०६, तोच टॅन. रस्त्यावरून गोळ्याचा मार्ग परवलय दिसतो, पण गाडीतल्या माणसाला तो सरळ रेषेत पडताना दिसतो, १७ अंशांनी तिरक्या रेषेत. दोरी जिकडे रोखलेली होती, त्याच रेषेत.

मूळ धागाकर्ती

भाच्याने कागदावर दोरीची रेषा पट्टीने फरशीपर्यंत वाढवली आणि ती ५५ सेंटिमीटरच्या खुणेवरच आली. आता तो विचारतोय की गाडी ब्रेक दाबत असेल तर रेषा पुढे झुकेल का. मी म्हटलं, त्वरणाची दिशा काढ आणि तूच सांग.