मदत हवी आहे: फार्मसीच्या विद्यार्थ्यांना रुग्णाशी बोलायला कसं शिकवायचं?

नमस्कार मंडळी,

मी फार्मसी प्रॅक्टिस शिकवते, शेवटच्या दोन वर्षांच्या मुलांना. एक गोष्ट बरेच दिवस मनातून जात नाहीये. इथे फार्मसी, नर्सिंग, डॉक्टरी अशा क्षेत्रांतली माणसं आहेत म्हणून विचारते.

मागच्या आठवड्यात प्रॅक्टिकलला रोल प्ले घेतला. आमच्या ऑफिसातल्या एका क्लार्कना संधिवाताचा रुग्ण केलं, हातात मेथोट्रेक्सेटचं प्रिस्क्रिप्शन. समोर वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी. औषध कशासाठी, किती, फॉलिक अ‍ॅसिड कधी, रक्ततपासणी का, तोंडात फोड किंवा ताप आला तर काय, दारू का नको, सगळं तिने दोन मिनिटांत धडाधड सांगितलं. एक शब्द चुकला नाही. शेवटी "समजलं ना?" आणि त्यांनी "हो" म्हणून मान डोलावली.

मी सहज त्यांना विचारलं, गोळी कधी घेणार? म्हणाले, "रोज सकाळी."

ते नाटक करत नव्हते, त्यांना खरंच तसं वाटलं होतं. संधिवातासाठी हे औषध आठवड्यातून एकदाच घेतात. चुकून रोज घेतलं तर रक्तपेशी तयार होणं मंदावतं, माणूस दगावूही शकतो. "आठवड्यातून एकदा" हे शब्द ती बोलली होती, पण बाकीच्या वाक्यांच्याच ओघात. ती रडवेली होऊन म्हणाली, "मॅडम, मी सांगितलं होतं." खरंच सांगितलं होतं. मला काय बोलावं ते सुचेना.

तेव्हापासून वाटतंय, संवादकौशल्य म्हणून आपण फक्त बोलणं शिकवतो. सादरीकरण, गटचर्चा, मुलाखतीची तयारी. समोरच्याला काय कळलं हे काढून घेणं कुठेच शिकवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ साली फार्मासिस्टचे सात गुण मांडले, त्यात 'संवाद साधणारा' आहेच. मुलं ते सातही न अडखळता म्हणून दाखवतात.

अमेरिकेतल्या इंडियन हेल्थ सर्व्हिसच्या (तिथल्या मूळनिवासींसाठीची सरकारी आरोग्यसेवा) फार्मासिस्टांनी रूढ केलेले तीन प्रश्नही वापरून पाहिले: औषध कशासाठी आहे म्हणून डॉक्टरांनी सांगितलं? कसं घ्यायला सांगितलं? घेतल्यावर काय होईल असं सांगितलं? प्रश्न उत्तमच आहेत. पण मुलं ते फॉर्म भरून घेतल्यासारखे विचारतात, पहिलं उत्तर पुरं व्हायच्या आत दुसरा प्रश्न.

वर्गात साठ मुलं, प्रॅक्टिकल दोन तासांचं. एवढ्यांना खरा सराव कसा द्यायचा? दोघं-तिघं तर इतके बुजरे आहेत की समोर माणूस आला की घशातून आवाजच निघत नाही. आणि गुण कशावर द्यायचे? कुणी हे करून पाहिलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद १

"समजलं ना?" हा प्रश्न आधी बंद करा. त्याला "नाही" म्हणायची माणसाला लाज वाटते. त्याऐवजी, "मी नीट सांगितलं की नाही ते मला बघायचंय. घरी गेल्यावर ही गोळी कशी घ्याल, सांगता का?" म्हणजे परीक्षा रुग्णाची राहत नाही, आपली होते. मेथोट्रेक्सेटला मी एवढंच विचारतो: "कोणता वार ठरवायचा?" त्यांनी वार सांगितला की त्यांच्यासमोर पाकिटावर लिहितो. वार स्वतः निवडलेला असला की लक्षात राहतो.

इन्हेलर असेल तर तोंडी विचारूच नका, हातात देऊन करून दाखवायला सांगा. "येतं मला" म्हणणारेही दाबायच्या आधी श्वास सोडायला विसरतात.

प्रतिसाद २

साठ मुलांचे तिघातिघांचे वीस गट करा. एक फार्मासिस्ट, एक रुग्ण, एक बघणारा, आणि दर फेरीला अदलाबदल. बघणाऱ्याने फक्त दोन गोष्टी लिहायच्या: रुग्ण किती वेळ बोलला, आणि प्रश्न विचारल्यावर फार्मासिस्ट किती वेळ गप्प राहिला. बुजऱ्या मुलांना आधी बघणारा करा, मग रुग्ण, शेवटी काउंटरवर. आमच्याकडे अशी मुलं पुढे फार छान ऐकणारी निघाली.

फीडबॅक देताना काय जमलं ते आधी त्या मुलालाच सांगू द्या, मग तुम्ही बोला. गुणांसाठी ओस्कीची (OSCE, प्रत्यक्ष कौशल्य बघणारी परीक्षा) पद्धत घ्या, रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ मध्ये मांडलेली: छोटी छोटी स्टेशनं, प्रत्येकाला तोच रुग्ण, तेवढाच वेळ. त्यातले थोडे गुण रुग्ण झालेल्या माणसाच्या हातात ठेवा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. वाराचा प्रश्न उद्याच घेते, आणि सुरुवात त्याच मुलीपासून करते. क्लार्कसाहेब पुन्हा यायला तयार आहेत. एक शंका राहिली: औषध न्यायला रुग्णाऐवजी घरातलं दुसरंच कुणी आलं, तर परत सांगायला लावणं कसं करता? घेणारा माणूस समोर नसतोच.